पाटावरची मोकळी जागा

पोलिसांची जीप अंगणात येऊन थांबली तेव्हा मी पाट्यावर पुरण वाटत होते.

"सुभेदार, हाय का घरात?" हा जमादार शिंगट्यांचा आवाज. नेहमीचा, ओळखीचा. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा आवाज आला, कोरडा आणि परका.

"परवान्याची बंदूक कुठे आहे?"

"आत. पूजेला मांडलीय, साहेब. आज खंडेनवमी."

"मग आतच बघतो."

वरवंटा माझ्या हातातून सुटला.

सुभेदार म्हणजे माझे यजमान, हिंदुराव निकम. पलटणीतून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली होती, तरी गाव त्यांना हुद्द्यानंच हाक मारायचं आणि गावाबरोबर मीही. तालुक्याच्या बँकेत ते पहारेकरी होते. त्या नोकरीसाठी बारा बोअरची दुनळी बंदूक घेतलेली, तिचा रीतसर परवाना होता. दुनळीची मला कधी भीती वाटली नाही. भीती होती ती तिच्याशेजारी मांडलेल्या वस्तूची.

एकाहत्तरच्या लढाईतून परत आले तेव्हा बिस्तऱ्यात गुंडाळून त्यांनी एक मॅगझिन, गोळ्या भरायचा डबा, आणलं होतं. शत्रूच्या बंदुकीचं, चिनी बनावटीचं. वीतभर लांब, काळ्या पत्र्याचं, केळ्यासारखं वाकडं. आत गोळी नव्हती. वर्षभर ते ट्रंकेत असायचं. नवमीला सुभेदार त्याला तेल लावून पुसायचे, पाटावर मधोमध ठेवायचे आणि हळदकुंकू पहिलं त्याला वाहायचे, मग दुनळीला, मग कुऱ्हाड, कोयते, नांगराचा फाळ, माझी कात्री अशा सगळ्यांना. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. नवमीला एकमेकांच्या घरी जाऊन पाटाच्या पाया पडायची पद्धत होती. येणाऱ्या बायकांना मी अभिमानानं सांगायची, "यांनी वैऱ्याच्या हातातून हिसकावून आणलंय." ते जवळ असले तर उठून गोठ्यात जायचे. मला वाटायचं, भिडस्त माणूस आहे.

पण हे साल त्र्याण्णव होतं. मार्चमध्ये मुंबईत बॉम्बस्फोट झाले होते आणि तेव्हापासून हत्यारांच्या केसेस पेपरात रोज येत होत्या. नवा कडक कायदा आपल्या भागाला लागतो की नाही, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. भीती मात्र सगळ्यांना लागली होती. शेजारच्या गावचा भानुदास नावाचा ट्रक ड्रायव्हर होता. त्याच्या घरात बिस्किटाच्या डब्यात चार काडतुसं सापडली. त्याची बायको द्वारका मला आठवड्याच्या बाजारात भेटली. भाजी घ्यायला आली होती, पण पिशवी रिकामीच धरून उभी होती.

"सात म्हैनं झालं, सुभेदारीणबाई. जामीन न्हाई. कुणाची हुती, कुठनं आली, ते पुढं इचारणार म्हणं. घरात घावली, एवढं पुरं हाय त्यास्नी."

"पण बंदूक नव्हती ना त्याच्याकडे?"

"न्हाई वो. बंदूक कशी असती ती त्यानं बघितलीबी न्हाई."

त्या दिवसापासून मला ट्रंकेजवळून जातानाही धाप लागायची. नवमीच्या सकाळी सुभेदार मॅगझिन पुसायला बसले तेव्हा मी म्हणाले होते, "यंदा नका मांडू."

"का?"

"लोक बघतात."

"वीस वर्षं बघतात."

"भानुदास सात महिने आत आहे."

"त्याच्याकडे गोळ्या होत्या. हा रिकामा डबा आहे, मालन. आत नुसती एक स्प्रिंग."

"तुम्हाला नेलं तर मी काय करू? कुणाच्या दारात जाऊ?"

त्यांनी धुतलेलं पांढरं धोतर पाटावर अंथरलं आणि मॅगझिन मधोमध ठेवलं. आणि तास-दीड तासात दारात जीप.

बाहेर फौजदार, तो परका आवाज त्यांचाच, बुटाच्या नाड्या सोडत होते. मला तेवढाच वेळ मिळाला. पुरणाचे हात तसेच घेऊन मी माजघरात गेले आणि मॅगझिन उचललं.

आमच्याकडे नवमीला पाटावर ठेवलेलं हत्यार दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत कुणी हलवत नाही. सासरी आले त्या वर्षी सासूबाईंनी पहिली हीच गोष्ट शिकवली होती. भाकरीची चूल पेटवायला लाकूड कमी पडलं तरी कुऱ्हाडीला हात लावायचा नाही. मी तो लावला. मॅगझिन कमरेला, लुगड्याच्या निऱ्यांच्या केळ्यात खोचलं, वरून पदर घट्ट ओढला आणि वळले. तोवर ते तिघं उंबऱ्यात होते.

नवे फौजदार तिशीतले, विदर्भाकडचे, देवतळे आडनावाचे. चेहऱ्यावर राग नव्हता, काही नव्हतं. त्यांनी दुनळीचा नंबर परवान्याशी ताडून पाहिला. शिंगटे जमादार वहीत लिहीत होते. सुभेदार हात मागे बांधून उभे. मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकले होते. पत्रा पोटाला गार लागत होता, आणि तेलाचा हात फिरवलेला असल्यामुळे श्वास घेतला की इंचभर खाली सरकत होता.

"ठीक आहे," फौजदार म्हणाले आणि उठता उठता थांबले. "इथे काय होतं?"

धोतरावर हळदकुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या असा सगळा सडा पडला होता. मधोमध मात्र वीतभर लांब, वाकडी, पांढरीस्वच्छ जागा. आखून काढल्यासारखी.

मी हा विचारच केला नव्हता.

सुभेदारांनी त्या जागेकडे पाहिलं. मग फौजदारांकडे. मागे बांधलेले हात त्यांनी सोडले आणि ताठ उभे राहिले, पलटणीत राहत असतील तसे. "साहेब, तिथं..."

"विळा होता," मी म्हणाले.

तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

"भाजी चिरायला नेला. मीच नेला आत्ता."

माझे हात पुरणानं माखलेले. भाजी कुठली आणि विळ्यानं कोण चिरतं? पण तोंडातून गेलं ते गेलं.

"आणा तो," फौजदार म्हणाले.

घरातले दोन्ही धड विळे गोठ्याच्या आढ्यापाशी वेगळ्या फळीवर पूजले होते, गाईंजवळ. त्यांना कुंकू लावलेलं होतं, ते आणता येत नव्हते. खाली पडला होता एक मोडक्या मुठीचा, गंजलेला, जो आम्ही पूजेला घेतलाच नव्हता. स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं मी गोठ्यात गेले. वीस पावलं. प्रत्येक पावलाला ते खाली सरकत होतं. मी कोपरानं पोट दाबून चालले, दुखणाईत बाई चालते तशी. विळा उचलून परत आले तेव्हा माझ्या लुगड्यावर कमरेपाशी कुंकवाचा लाल डाग उमटलेला मला दिसला. पदर त्याच्यावर ओढला.

फौजदारांनी विळ्यासाठी हात पुढे केला. पण शिंगटे जमादारांनी मध्येच तो माझ्या हातातून ओढून घेतला.

"काय वयनी! नवमीला हत्यार उचलत्यात व्हय? भाजी काय दातानं तोडता आली न्हाई?" ते गुडघ्यावर बसले, विळा त्या मोकळ्या जागेत आपटल्यासारखा ठेवला, ओंजळभर झेंडू उचलून त्याच्यावर टाकला आणि डोकं टेकवलं. "साहेब, ह्या बायका असल्या. फौजी माणूस बाहेर शेर आन् घरात बघा, त्याची हत्यारं भाजीला!"

फौजदार पहिल्यांदा हसले. "आमच्या आईनं मारलं असतं," ते म्हणाले. त्यांनीही पाटाला हात जोडले आणि वहीत सही केली.

सुभेदारांचं तोंड अजून अर्धवट उघडंच होतं.

जीप सुरू झाली, फाटकापर्यंत गेली आणि थांबली. शिंगटे जमादार उतरून परत आले. "टोपी राहिली," असं मोठ्यानं म्हणाले. टोपी त्यांच्या बगलेत होती.

ते माझ्याजवळ आले. आवाज खाली आणला. "मोडक्या मुठीचं हत्यार कोण पूजेला मांडतं, वयनी?"

मी पदर कमरेशी आणखी ओढला.

"गेल्या साली मी हितंच जेवलो. पाटाच्या पाया पडलो. तवाबी मला डोळं हुतं. तवाचं येगळं हुतं, आताचं येगळं हाय." त्यांनी सुभेदारांकडे पाहिलं. "सुभेदार, तुमचं लायसन दुनळीचं. ज्या बंदुकीला कलेक्टरबी लायसन देत न्हाई, तिचा सुटा भाग घरात घावला तरी बंदूकच धरत्यात. रिकामा म्हणून सुटका न्हाई. लढाईतनं आणला म्हणून तर न्हाईच न्हाई."

"नेऊन जमा केलं तर?" मी विचारलं.

"गेल्या म्हैन्यात हत्यारं जमा करा म्हणून दवंडी दिली तवा करायचं. आता पहिला सवाल, बावीस वर्सं कुटं हुतं? दुसरा सवाल, अजून काय काय हाय? आन् सवाल इचारणारा मी नसणार." जीपचा हॉर्न वाजला. "उद्या सांजंला सोनं द्यायला येतो. तवा ह्या घरात मला आपट्याचा पाला दिसू द्या. दुसरं काय बी न्हाई."

ते गेल्यावर मी मॅगझिन काढून भुईवर ठेवलं. मीही तिथंच बसले.

"आत्ताच्या आत्ता विहिरीत टाका."

"विहीर गावाची आहे. उन्हाळ्यात गाळ काढतात."

"मग पुरा. जाळा. काहीही करा."

सुभेदारांनी ते उचललं, जपून पुसलं, विळा बाजूला काढला आणि त्याच जागेत परत ठेवलं. त्याच्यावर पुन्हा कुंकू घातलं.

"उद्या उत्तरपूजा झाली की नेतो," ते म्हणाले.

"मी हलवलंय ते. मोडलाय नेम. आता काय राहिलंय?"

"तू मोडलास. मी नाही मोडत."

"तुम्ही त्याला सांगणारच होतात! मी बघितलं. तोंड उघडलं होतंत. एवढा कसला खरेपणा? बायकोचा विचार नाही, पेन्शनचा नाही?"

त्यांनी माझ्याकडे इतक्या थकलेल्या नजरेनं पाहिलं की मी पुढचं गिळलं. आमच्या लग्नाला तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि ती नजर मी पहिल्यांदा पाहत होते.

दसऱ्याला उत्तरपूजा करून, दुपारचं जेवण न जेवता, त्यांनी मॅगझिन जुन्या पंच्यात गुंडाळलं, कापडी पिशवीत घातलं, पिशवी सायकलला अडकवली. गावातले बाकीचे पुरुष आपटा आणायला मळ्याकडे जायचे. हे उलट बाजूला, तिठ्याच्या रस्त्यानं निघाले.

"कुठं टाकणार?"

"तुला माहीत नसलं की तुला कुणी विचारून उपयोग नाही."

त्या दुपारी मी काय काय केलं ते मला आजही लागोपाठ सांगता येईल. ट्रंक रिकामी करून आतून रॉकेलनं पुसली. धोतर दोनदा धुतलं. लुगड्यावरचा डाग जाईना, तेव्हा ते लुगडं भिजवून ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा भिजवलं. रस्त्यावर मोटारीचा आवाज आला की दारात जायचं, गेला की परत यायचं. आमची एकुलती एक लेक लग्न होऊन कराडला होती. तिच्या सासरी हे कळलं तर, असा एक विचार आला आणि तो दिवस मावळेपर्यंत गेला नाही.

ऊन कललं आणि शिंगटे जमादार आले. अंगात साधा सदरा, हातात आपट्याची पानं. ओट्यावर बसले.

"सुभेदार?"

"बाहेर गेलेत."

"कुठल्या रस्त्यानं?"

मी त्यांच्या हातातल्या पानांकडे पाहिलं.

"वयनी, मी इचारतोय त्याला कारण हाय. सणाची तपासणी लावलीय तिठ्यावर. दुपारपास्नं. पिशव्या उघडून बघतायत. फौजदार स्वतः उभं हायती."

मी नुसता हात केला, तिठ्याच्या बाजूला.

शिंगट्यांचा चेहरा पडला. त्यांनी पानं ओट्यावर ठेवली. "किती वाजता?"

"बारा."

"आता पाच झालं." ते उठले, चप्पल शोधू लागले. एक सापडली, दुसरी पायाशीच असून दिसेना. "मी जाऊन बघतो. धरलं असलं तर अजून लिहिलं नसंल. कागदावर आलं की मग..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

तेवढ्यात सायकल वळणावर दिसली.

सुभेदार चालवत नव्हते, हातात धरून चालत येत होते. मागे आपट्याची मोठी फांदी बांधलेली. पिशवी हँडलला लोंबत होती, सपाट. ओट्याशी येऊन त्यांनी फांदीची दोन पानं तोडली आणि जमादारांच्या हातात दिली. शिंगट्यांनी आपली दिली, त्यांना मिठी मारली. मारता मारता डाव्या हातानं पिशवी चाचपलेली मी पाहिली.

"पेढा खाऊन जा," मी म्हणाले.

"आज नको. पोटात जागाच न्हाई राह्यली." ते हसले, कपाळावरचा घाम पुसला आणि गेले.

मी सुभेदारांना पाणी दिलं. ते ओट्यावरच बसले. उन्हानं चेहरा काळवंडला होता.

"तिठ्यावर तपासणी होती म्हणे."

"हो. येताना थांबवलं. पिशवी उघडायला सांगितली. आत थोडा पाला होता."

"आणि जाताना?"

"जाताना नाही थांबवलं. समोरच्या टेम्पोचं सामान उतरवून बघत होते. मी सायकलवरून उतरलो. उभा राहिलो."

"उभे राहिलात? का?"

"फौजदारानं माझ्याकडे बघितलं. सलाम ठोकला. म्हणाला, जाऊ द्या, सुभेदारसाहेबांना उन्हात उभं करू नका."

"अहो, पण उतरलात कशाला? तो जाऊ देत होता तर उतरायचं कशाला?"

"विचारेल म्हणून."

मला वाटलं उन्हानं त्यांना भ्रम झालाय. मी तांब्या खाली ठेवला.

"काल त्यानं विचारलं, इथं काय होतं," सुभेदार म्हणाले. "बावीस वर्षांत कुणी विचारलं नाही. सगळे पाया पडून जायचे. तू सांगायचीस हिसकावून आणलं म्हणून, तर तेच खरं झालं. काल पहिल्यांदा कुणीतरी विचारलं."

"मग काय सांगणार होतात त्याला?"

ते रस्त्याकडे पाहत बोलू लागले. मध्येच थांबायचे, मग पुढचा शब्द यायचा.

"उसाच्या फडासारखं उंच गवत होतं. सकाळचं धुकं. मी वळलो तर समोर तो. इथून ते तुळशीवृंदावन, एवढ्यावर. पोरगाच होता. मिसरूड फुटलेलं नव्हतं. त्यानं आधी नेम धरला, मी नाही. घोडा दाबला. नुसता टक् असा आवाज आला. त्यानं मॅगझिनवर हात मारला, परत दाबला. टक्. त्या मॅगझिनच्या तोंडाला पोचा आला होता, गोळी वर चढतच नव्हती. मला नंतर कळलं ते. त्यानं मान वर केली आणि माझ्याकडे बघून हसला, मालन. शाळेत पोराची पेन्सिल मोडली की ते मास्तरांकडे बघून हसतं ना, तसा."

आत चुलीवर दूध उतू गेल्याचा वास येत होता. मी उठले नाही.

"मग?"

"मग काय. माझी चालली."

त्यांनी मांडीवरचे दोन्ही हात उलटे करून पाहिले आणि परत सुलटे ठेवले.

"आतल्या गोळ्या मी तिथंच काढून टाकल्या. डबा का घेतला ते माहीत नाही. त्याच्यामुळे मी घरी आलो, एवढंच डोक्यात होतं. आणि त्याच्यामुळेच तो गेला."

"तुम्हाला तुरुंगात घातलं असतं," मी म्हणाले.

"हो," ते म्हणाले. "घातलं असतं."

आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. सुभेदार जाऊन अकरा वर्षं झाली. ते मॅगझिन कुठं गेलं हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढची दहा-पंधरा वर्षं जीपचा आवाज आला की माझा हात कमरेकडे जायचा. पण त्या संध्याकाळचं मला जे आठवतं ते हे, की मी त्यांच्याजवळ ओट्यावर बसून राहिले, आणि अंगणात माणसांचे आवाज आले. गावातले लोक घरोघर सोनं वाटत आमच्या दारापर्यंत पोचले होते.

"सुभेदार हायत का घरात?" कुणीतरी फाटकातून हाक दिली.

ते उठायला लागले. मी त्यांचा हात धरून खाली बसवलं आणि स्वतः उठले.

"आहेत," मी म्हणाले. "घरातच आहेत."